चिंधी बांधलेले दोडके

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी आमच्या गावचा मालगुजार पितृपक्षात छडी घेऊन निघायचाच. मागे टोपली घेतलेला गडी. भादव्यात पवनीकडच्या आमच्या गावात घरामागच्या वाड्या दोडक्या-काकड्यांनी लगडलेल्या असत. मालगुजाराच्या एवढ्या मोठ्या आवारात कोथिंबिरीची काडी नाही. पितरांच्या पानात भाज्या हव्यात, म्हणून हा लोकांच्या कुंपणांत हात घाली. त्या पितरांनी जन्मभर दुसऱ्यांच्याच घामाचं खाल्लं होतं. मेल्यावर सवय कशाला मोडायची!

मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होतो, घरात पहिलाच. मला शिकवणाऱ्या मास्तरांपुढे माझी मान आजही लवते. या माणसापुढे ती कधी लवली नाही.

आईने सर्वांत मोठा दोडका बियासाठी राखून त्याला चिंधी बांधली होती. बी माहेरचं, तिची आई गेल्यावर तेवढंच उरलेलं. चिंधीच्या फळाला गावात कुणी हात लावत नसे. मालगुजाराने नेमका तोच तोडला.

"मालक, बियाचा हाय थो," आई म्हणाली.

"आमच्या पितरायले मोठाच लागते. तुले बी कायले पाहिजे? पुढच्या साली मागून घेजो!"

पंगतीला तालुक्याचा साहेब होता. त्या जून दोडक्याचे तंतू तो दातांतून ओढत बसला आणि मालगुजार स्वयंपाकिणीवर ओरडत राहिला. मोठं ते चांगलं, एवढीच त्याची अक्कल.

बी गेलं. पण आईने पूर्वी शेजारच्या काकूंना त्यातलंच दिलं होतं. ते तिने परत मागून आणलं आणि लावलं.

पुढच्या भादव्यात तो पुन्हा आला आणि कुंपणाशी थबकला. वेलावरच्या प्रत्येक दोडक्याला चिंधी. तो मागच्या वर्षी एवढंच शिकला होता, की चिंधीचा दोडका चावता येत नाही. कोवळा कोणता, हे बोटाने दाबून पाहणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"सारेच बियाचे काहून वो?"

"सोयऱ्यायले बी द्याचं हाय, मालक."

काकूंच्याच नव्हे, गल्लीतल्या साऱ्या कुंपणांवर दोडक्या-काकड्यांना चिंध्याच होत्या. टोपली रिकामी घेऊन तो गल्लीतून परतला. त्या वर्षी पितरांनी बाजारचे बटाटे खाल्ले म्हणे.

संध्याकाळी आईने चिंध्या सोडून कोवळे दोडके चुलीवर टाकले. एक चिंधी तेवढी तिने सोडली नाही.