घंटेत गेलेली वाटी

मी शिवाजी पेठेतल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मला भाषणं ठोकायची भारी हौस होती. एकाहत्तर साली पावसाळा सरता सरता मी वर्गात जपानच्या घंटेची गोष्ट सांगितली. बाँबनं होरपळलेल्या त्या देशानं कितीतरी देशांतली नाणी वितळवली, काशाची घंटा ओतली आणि जगाच्या शांततेसाठी भेट दिली. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी म्हणाले, आपणही घरोघरचं कासं गोळा करून शाळेची घंटा ओतू.

मुलींनी चिरलेल्या थाळ्या, फुटके पेले आणले. मग बाईंनी रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्या घरी काशाची एकच वस्तू होती, आईची वाटी. धाकटा भाऊ फौजेत होता. बुटांनी त्याच्या तळव्यांची आग व्हायची. सुट्टीवर आला की आई पायाला तूप लावून ती वाटी घासत बसायची. तूप काळं झालं की म्हणायची, "बघ, निघाली सगळी आग."

त्या दिवसांत तो सीमेवर होता आणि पत्रं थांबली होती. मी आईला म्हणाले, शांततेच्या घंटेत वाटी दिलीस तर लढाई टळेल. असलं बोलताना माझी जीभ कशी झडली नाही!

आईनं वाटी पदरानं पुसून दिली. "ने. पोरगा धडपणी घरला आला म्हंजे बास. मी नुसत्या हातानं चोळीन की."

उद्यमनगरातल्या एका ओतकामवाल्यानं घंटा करून दिली. ती शाळेत टांगली आणि पंधरा दिवसांत युद्ध पेटलं.

भाऊ घरी आला तो पुढच्या उन्हाळ्यात. सुरुंगानं दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले होते. पहिल्याच दुपारी तो ओरडला, "आई, तळवं पेटल्यात गं!"

मी मूर्खासारखी पांघरुणाकडे बघत राहिले. आई तूप घेऊन आली आणि सवयीनं मला म्हणाली, "वाटी आण की."

"वाटी घंटेत गेली, आई."

तिनं स्टीलची वाटी घेतली आणि जिथं पाय असायचे तिथली चादर घासायला लागली. तूप चादरीत मुरत गेलं. ते काही काळं होईना, आणि तिचा हात काही थांबेना.

भाऊ बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, आई. निघाली सगळी आग."