पुण्याइतकंच लांब

मुराळी मामा गेल्या मे महिन्यात वलगावला वारले. त्याआधीच्या दिवाळीत ते भाचीला माहेरी आणायला मेलबर्नला गेले होते आणि एकटेच परत आले होते.

सासरी गेलेल्या मुलीला सणाला आणायला जातो तो मुराळी. मामांचा शेवंतीचा मळा होता, पण भावकीतल्या बहुतेक मुली त्यांनीच माहेरी आणल्या, म्हणून हे नाव पडलं. अंतर ते किलोमीटरमध्ये ऐकून घेत नसत. "रस्ता नोका सांगू. बसल्यावर उतरतो कवा, ते सांगा."

वैशालीला स्थळ आलं. मुलगा अकोल्याचा, नोकरी मेलबर्नला. तिची आई, म्हणजे मामांची विधवा बहीण शांताबाई, तयार नव्हती. मामांनी अमरावतीत तिकीटवाल्याकडे चौकशी केली. अंतर सुमारे दहा हजार किलोमीटर. मुंबईहून थेट विमानाने साधारण तेरा तास. घरी येऊन ते म्हणाले, "पुण्याइतकंच हाये, शांते. आपली ट्रॅव्हल्स रखडली का तेरा तास लागतेच." शांताबाईंची थोरली मुलगी पुण्याला दिलेली होती आणि ती दर सणाला येत असे. शांताबाईंनी होकार दिला.

पहिली दिवाळी आली. मामा रीतीप्रमाणे आधी अकोल्याला गेले.

"मामा, सून तिकडं मेलबर्नले हाये," व्याही म्हणाले. "मले काय विचारून राहिले?"

"सासर तर इथं हाये ना?"

व्याह्यांनी परवानगी दिली. तोडणीला आलेली शेवंती गड्यांवर सोडून मामा निघाले.

मुराळ्याने सासरी एकच रात्र राहायचं, हा त्यांचा नियम. त्यामुळे परतीची दोन तिकिटं दुसऱ्याच दिवसाची होती. मेलबर्नच्या विमानतळावर अधिकाऱ्याने त्यांना बाजूला बसवलं आणि फोनवर हिंदी दुभाषा जोडून दिला.

"किसलिए आए हो?"

"भांजी को लेने."

"वापस कब जाओगे?"

"कल."

वैशालीला फोन लावून खात्री केल्यावर त्यांना सोडलं. बाहेर ती रडत होती. ती रुग्णालयात परिचारिका होती. मंजूर झालेली रजा त्याच दिवशी सकाळी रद्द झाली होती. "मामा, मी नाही येऊ शकत." मामा एक रात्र राहिले. परतीच्या विमानात शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी कोणाला बसू दिलं नाही.

शांताबाई दारातच उभ्या होत्या. "दादा, पुण्याइतकंच म्हणे ना?"

"जायाले तेवढंच हाये," मामा म्हणाले आणि मळ्यात गेले.

त्या वर्षी शांताबाईंनी पणती लावली नाही, तळण केलं नाही.

फेब्रुवारीत वैशालीला रजा मिळाली. ती एकटी आली आणि आधी अकोल्याला, सासरी उतरली. दुसऱ्या दिवशी मामा सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले, व्याह्यांना विचारलं आणि दुपारी तिला घेऊन वलगावला आले. संध्याकाळी शांताबाईंच्या ओट्यावर पणत्या लागल्या होत्या.