गप्पीवाले सर

संग्रामपूरच्या पुढे, सातपुडा जवळ दिसू लागतो तिथल्या त्या गावात भालचंद्र सरांचं आडनाव कुणाला ठाऊक नाही. ते गप्पीवाले सर. देऊळगाव राजाच्या एका कारकुनाचा मुलगा, बावीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायला आला आणि तिथलाच झाला. दोनदा बदली निघाली, दोन्ही वेळा त्यांनी हातापाया पडून रद्द करून घेतली. बायको म्हणायची, शाळेमागच्या त्या माशांच्या हौदात तुमचा जीव अडकलाय.

ते खरंच होतं. सर नवे असताना त्यांच्या सातवीतली सुचिता डेंग्यूनं पाच दिवसांत गेली. हजेरीत तिच्या नावापाशी सरांचा आवाज महिनाभर अडखळत राहिला. मग एके दिवशी ते आरोग्य केंद्रातून बादलीभर गप्पी मासे घेऊन आले. बोटाच्या पेराएवढा मासा. डासांच्या अळ्या खातो, घाण पाण्यातही तगतो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो. शाळेमागे हौद बांधला गेला. पोळ्याआधीच्या शनिवारी सातवीच्या प्रत्येक मुलानं हौदातून लोटाभर गप्पी न्यायचे आणि गावच्या पाण्यात सोडायचे, असा रिवाज पडला. पहिला लोटा सुचिताच्या आईचा, गोजरबाईचा. पोरीचा तो दिवसच झाला. त्या दिवशी गोजरबाई नवं लुगडं नेसायची, हळदकुंकू वाहायची आणि तळ्याच्या पायरीवर बसून मासे एकेक करून पाण्यात जाऊ द्यायची.

एकोणीस वर्षं हे चाललं. आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र ऑफिसात टांगलेलं होतं.

यंदा सरांनी सातवीला नवा प्रकल्प दिला. गावातल्या गोड्या पाण्यात कोण कोण राहतं, ते मोजायचं. जुन्या मच्छरदाणीच्या जाळ्या केल्या, मुलांनी घरून पांढरी ताटं आणली. तळं, नाला, दोन विहिरी आणि टेकडीच्या पायथ्याचा उंबरडोह. पंधरा दिवसांनी मयुरीनं फळ्यासमोर उभं राहून यादी वाचली.

"तळं. गप्पी एकशे बारा. बाकी निरंक."

'निरंक' हा शब्द तिनं सरांच्याच कागदांतून उचलला होता. वर्ग हसला, सरही हसले.

"नाला. गप्पी सत्तर. बाकी निरंक. पहिली विहीर, गप्पी चाळीस, एक कासव. दुसरी विहीर, गप्पी पस्तीस, बाकी निरंक."

उंबरडोहाच्या यादीला मात्र तिला पान उलटावं लागलं. बेडकाची पिल्लं, गोगलगाई, पाणनिवळ्या, खेकडे, वाळूच्या रंगाचे बोटभर मासे, चतुराची पिल्लं. सतरा प्रकारचे जीव.

"डोहात गप्पी किती?" सरांनी विचारलं.

"एक बी नाही, सर. तिकडं कोणी सोडलेच नाहीत."

मागून कुलदीप म्हणाला, "सर, जिथं आपले गप्पी हायेत तिथं दुसरं कोणीच काऊन नाही?"

"शेतातली औषधं उतरतात पाण्यात," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण डोहाच्या वरच्या अंगालाही कपाशीच होती, आणि कुलदीपच्या बापाचीच होती. ते सरांना दिवसभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर काचेची बरणी ठेवली. डोहातली नुकती फुटलेली बेडकाची तीस पिल्लं आणि हौदातले दहा गप्पी. मधल्या सुट्टीपर्यंत पिल्लं चार उरली. शाळा सुटताना पाणी स्वच्छ होतं.

"निरंक," कुणीतरी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही.

शनिवार चार दिवसांवर होता. गोजरबाईकडे जाऊन सांगायचं, असं सरांनी रोज सकाळी ठरवलं आणि रोज तिच्या गल्लीच्या तोंडावरून सायकल वळवली. मुलांना त्यांनी सांगितलं, यंदा मासे सोडायचे नाहीत. तिला सांगायचं राहिलं.

शनिवारी ते वर्गात असताना मयुरी धापा टाकत आली. "सर, गोजरआजीनं हौदातून लोटा भरला. डोहाकडं जाऊन राह्यली."

सर धावले. नाल्यापलीकडे त्यांनी तिला गाठलं. नवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत लोटा.

"गोजरबाई, थांबा."

"तळ्यात लय झाले आता, सर. यंदा डोहात सोडतो. तिकडं बी डास असतीनच."

"तिथं सोडायचे नाहीत. कुठंच सोडायचे नाहीत आता."

ती चालत राहिली. सर बाजूनं बोलत राहिले. बरणी, पिल्लं, तळं, सगळं. ती थांबली ती डोहाच्या काठावरच.

"म्हंजे तळं आपण मारलं?"

"मी मारलं. तुम्ही माझं ऐकलंत."

"एकोणीस वर्षं ऐकलं."

मागून आलेल्या मयुरीनं ताट पाण्यात बुडवून वर काढलं. त्यात काटकीसारखा एक किडा सरकत होता. "आजी, हे हेलिकॉप्टरचं पिल्लू. चतुराचं. हे बी डासाच्या अळ्या खाते."

गोजरबाईनं खाली बसून ते जवळून पाहिलं. "हे पहिल्यापासून होतं?"

"हाव."

"तळ्यात बी?"

मयुरीनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तळ्यातही होतं. मी कधी पाहिलंच नाही."

गोजरबाई उठली. सरांना वाटलं, आता ती लोटा उलटा करणार. पाण्यात नाही तर मातीत. तिनं लोट्याच्या तोंडावर तळहात ठेवला आणि आल्या वाटेनं परत निघाली. तीन किलोमीटर. हिंदकळलेलं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. सरांनी लोटा धरू का म्हणून विचारलं, तिनं ऐकलं नाही.

शाळेमागे येऊन तिनं मासे हौदात सोडले. एकेक करून नाही, एकदम. रिकामा लोटा पालथा करून कठड्यावर ठेवला.

"सर, तुमची चूक तुम्ही पोरायले फळ्यावर लिहून द्यान, अन् पुसून बी टाकान," ती म्हणाली. "म्या आता पोरीचा दिवस कुठं करू?"

मग पदर सारखा करून ती फाटकाबाहेर गेली.

वर्गात मुलं फळ्यावर अहवाल मांडून थांबली होती. 'कारण' या रकान्यापुढची जागा त्यांनी सरांसाठी कोरी ठेवली होती. सरांनी खडू घेतला आणि लिहिलं: शाळेने सोडलेले गप्पी मासे. मग त्यांनी 'शाळेने' पुसून तिथं स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट.