थांबलाय, बंद नाही

माझ्या आत्याच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या काकांइतका, निर्लज्जपणे शांत माणूस अख्ख्या श्रीवर्धन तालुक्यात सापडणार नाही. सुपारीच्या वाडीत झोपाळ्यावर दोन संगणक वायरीने जोडून ते बसतात. एकावर चालता प्रोग्राम अडवायचा, दुसऱ्यावर तो नेमका कुठल्या ओळीवर अडला ते बघायचं. या अडवणाऱ्याला म्हणे डीबगर म्हणतात. चालत्या यंत्रात मागाहून बसवलेला प्रोग्रामचा तुकडा, म्हणजे मॉड्यूल, जागा मिळेल तिथे बसतो, आणि त्याचा पत्ता दिल्याशिवाय डीबगर त्याला ओळखच देत नाही. काकांनी हीच शिस्त माणसांनाही लावली. फोन केला की आधी "कुठे बसलीयस?" बोलता बोलता ओटीवरून पडवीत गेलं तर बोलणं पहिल्यापासून. भांडण रंगात आलं की हात वर, "थांब तिथंच." आपण तोंड उघडं ठेवून उभे, आणि ते चष्म्यातून निरखतायत. मग सावकाश, "हं, पुढे." अशा थांबण्यापायी आत्याची किती घावनं जळली, ती देवालाच ठाऊक.

पण एका उधाणाला त्यांनी हद्द केली. भरती चढली की वाजायला हवा असा खाडीच्या बांधावरचा सायरन ऐन वेळी मुका व्हायचा. 'सायरन मुका, अधिकारी बहिरे!' अशी पत्रकं घेऊन मी भर दुपारी बांधावर पोचले, तर सायरनच्या पेटीला वायर लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन काका बसलेले. पाणी चढतंय, बांधाचं दार उघडं, पलीकडे पोटरीला आलेला, दाणा धरायच्या बेतातला भात.

"काका, सायरन तुम्ही बंद केलात?"

"बंद नाही. थांबलाय."

"खारं पाणी आत शिरलं की भाताला हा फरक समजावणार कोण?"

"अगं, चूक भरतीलाच होते. ओहोटीला काय पकडू, चिंबोऱ्या?" मान वर न करता म्हणाले, "तोवर तू आहेस ना. ओरड."

आणि मी, मोर्चे गाजवलेली बाई, बांधावर उभी राहून भोंग्यासारखी ओरडले. सायरन ऐकून दार लावणारा दामू धावत आला. "व्हय व्हय, लावतो. सायरनला बाईचा गला कवा बसवला?"

दार लागलं आणि काका म्हणाले, "सापडली. पाणी खुणेच्या वर गेलं की मोजणी उण्यात उतरते. त्याला वाटतं, ओहोटी लागली." त्यांनी ती ओळ सुधारली, मॉड्यूल काढून पुन्हा बसवलं, आणि सायरन असा केकाटला की माझा पत्रकांचा गठ्ठा खाडीत गेला.

संध्याकाळी मी निघाले. वर्षभरासाठी लांब, विदर्भात कामाला. वाडीच्या फाटकाशी पोचते तोच मागून आलं, "थांब तिथंच."

थांबले. वळले. काका चष्म्यातून बघत होते, नेहमीपेक्षा बराच वेळ. कोपऱ्यावर माझी एसटी आली, खोळंबली, गेली. ते 'पुढे' म्हणेनात, आणि मीही हलले नाही.