पैलवानाचा खुराक

फायटर मासा पाळायला काहीच खर्च येत नाही, असं मला गोंदियाच्या दुकानदाराने सांगितलं आणि मी ते खरं मानलं.

मी म्हणजे वंदना. पण सिहोऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात हे नाव फक्त रेशनकार्डावर आहे. बाकी सगळ्यांसाठी मी आशाताई. गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, लेकरांचे डोस आणि पावसाळा लागला की घरोघरी जाऊन लोकांच्या पाण्यात डोकावणं, हे माझं काम. त्यातल्या शेवटच्या कामात मी जरा जास्तच पटाईत. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा, साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी घासून वाळवायची, म्हणजे त्यात डासांच्या अळ्या होत नाहीत, हे मी इतक्यांदा सांगितलंय की लोक मला लांबून पाहूनच बादली आडवी करतात. शेजारच्या कौतिकाकाकूंचा रांजण तर मी त्यांच्या नव्या जावयासमोर उलटा केला होता. आत अळ्या वळवळत होत्या, त्यामुळे माझं काहीच चुकलं नाही. फक्त जावयाला हात धुवायला पाणी उरलं नाही. वर मी काकूंना चारचौघांत म्हणायला लावलं, “मी दर आठवड्याले कोरडा दिवस पाळीन.” (हा शपथेचा प्रकार सरकारी नाही. ती माझी स्वतःची भर.) काकू म्हणाल्या बिचाऱ्या. पण तेव्हापासून आमच्या गावात माझ्यासाठी बंद राहिलेलं दार मला आठवत नाही. आशाताई म्हणते म्हणजे तसंच असेल, एवढीच माझी कमाई होती आणि तिचा मला भारी तोरा होता.

तर गोंदियाला नणंदेकडे गेलो असताना माझ्या मुलीने, गुड्डीने, दुकानात तो मासा पाहिला. निळा, शेपटीचा घोळ एवढा मोठा की नवरीने शालू सावरावा तसा तो वळताना शेपटी सावरत होता. गुड्डी काचेला नाक लावून बसली ती उठेना. दुकानदार म्हणाला, “ताई, एक बरणी अन् चिमूटभर दाणे. याले मोटर नको, जोडीदार नको. दुसरा मासा दिसला तं भांडते, म्हणून एकटाच ठेवा.” एकटं राहायचं आणि चिमूटभर खायचं. असा पाहुणा आमच्या घरी आजवर आला नव्हता. घेतला.

घरी माझे सासरे, म्हणजे मामाजी, खाटेवर बसले होते. त्यांनी बरणी डोळ्यांजवळ धरली.

“कोठची व ही मासोळी?”

“गोंदियाची, मामाजी.”

“म्हंजे आपल्याच जिल्ह्यातली.” (भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, हे मामाजींना अजून मंजूर नाही.) “खाची हाय का पाहाची?”

“पाहाची.”

“बरं झालं. खाची म्हटली असती तं एका घासाची बी नाही.”

गुड्डीने त्याचं नाव ठेवलं पैलवान. पैलवानाने आल्या आल्या उपास धरला. दाणा तोंडात घ्यायचा, चघळायचा आणि थुंकायचा. आमचे हे म्हणाले, “गुड्डीची माय, तुह्या हातचं पहिल्यांदा कोणी थुकून राहिलं. मी तं इतके वर्ष गिळत आलो.” मी लक्ष दिलं नाही. पण गुड्डी बरणीशेजारी ताट घेऊन बसायची आणि तो जेवत नाही म्हणून तीही जेवेना. शेवटी मी दुकानदाराला फोन लावला.

“ताई, याले जिवंत खाणं पायजे.”

“जिवंत म्हंजे काय?”

“सोपं आहे. डासाच्या अळ्या टाका. पाणी साचलं की आपोआप होते.”

हे तो मला सांगत होता. मी फोन ठेवला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून खुंटीला अडकवलं. का कोण जाणे, ते गळ्यात असताना पुढचा विचार करवेना.

सुरुवात मी कर्तव्यात बसेल अशीच केली. नाहीतरी लोकांच्या अळ्या मी फेकतच होते. आता चहाच्या गाळणीने गाळून बाटलीत भरायला लागले. लोकांना वाटलं नवीन काहीतरी निघालं. “तपासाले नागपूरले पाठवते वाटते,” असं एकीने दुसरीला सांगितलं आणि मी नुसती मान हलवली. मान हलवण्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत काढली. इकडे पैलवानाने पहिली अळी अशी गटकली की गुड्डीने टाळ्या वाजवल्या. मामाजी म्हणाले, “ह्याले म्हणतात खाणं.”

पण माझंच काम माझ्या मुळावर आलं. इतकी वर्षं बोंबलून बोंबलून मी गाव असं वळणावर आणलं होतं की कुठल्या घरी अळी मिळेना. टाकी पाहा, स्वच्छ. माठ पाहा, घासलेला. कौतिकाकाकूंच्या रांजणात मी बॅटरी मारली, तर तळाला माझंच तोंड दिसलं.

“अवो काकू, एक बी अळी नाही काय?”

काकू चपापल्या. “नाही ना, बाई. तूच तं नको म्हणून सांगतलं होतं.”

“तसं नाही, पण कोपऱ्याबिपऱ्यात कोठं...”

“घासून ठेवला व. मले शपथ नाही घालायची आता.”

मी चेहरा पाडून बाहेर पडले. काकू बराच वेळ दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. गावात रोगराईचा मागमूस नाही म्हणून हिरमुसलेली आशाताई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

त्याच संध्याकाळी मी न्हाणीच्या मागे एक जुना माठ ठेवला. त्यात पाणी भरलं, दोन दिवस उघडा ठेवला आणि अळ्या दिसताच माठाच्या तोंडाला फडकं बांधलं. हिशोब असा, की अळ्या मोठ्या व्हायच्या आत पैलवान त्यांचा फडशा पाडणार. डास होण्याचा प्रश्नच नाही. मामाजींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “आरोग्याचं काम आहे, मामाजी.” हेही एका परीने खरंच होतं. माशाच्या आरोग्याचं.

मग भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण लागलं. कशाचं? डासांपासून होणाऱ्या आजारांचं. मी आठवडाभरासाठी निघाले आणि पैलवानाला रोज गाळणीभर खाऊ घालायचं काम गुड्डीला देऊन गेले. प्रशिक्षणात साहेबांनी विचारलं, “अळीचा डास व्हायला किती दिवस लागतात?” सगळ्यांच्या आधी माझा हात वर. “आठवडाभर, सर.” सर म्हणाले, “शाब्बास.” बायांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असतानाच मी बोटांवर माठाचे दिवस मोजले. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला.

“मामाजी, माठावरचं फडकं नीट बांधलं आहे ना?”

“ते मी कवाचं काढलं. जिवाले हवा नको काय? तू काळजी नको करू. रोज सकाळी नवं पाणी टाकून राहिलो.”

“अन् अळ्या?”

“मोठ्या झाल्या,” मामाजी कौतुकाने म्हणाले. “गेल्या उडून.”

घरी आले तर डास भरदिवसा चावत होते. आमचे हे पाय खाजवत म्हणाले, “काहून एवढे मच्छर झाले यंदा?” मी म्हटलं, “धानाच्या बांध्या भरल्या आहेत ना, तिकडून येऊन राहिले.” बिचाऱ्या धानावर आळ घेतला. मामाजींनी मनगटावर एक मारला आणि निरखून म्हणाले, “याच्या पायाले पांढरे पट्टे हाय. चांगल्या घरचा दिसते.” ते पट्टे कुणाचे असतात हे अख्ख्या गावाला चित्र दाखवून मीच शिकवलं होतं. डेंगूवाल्या डासाचे. त्या क्षणी मी तो माठ फोडायला हवा होता. पण पैलवान बरणीत वर येऊन तोंड उघडून पाहत होता, गुड्डी त्याच्याकडे पाहत होती. मी काय केलं? माठाला आधीपेक्षा जाड फडकं बांधलं.

पुढच्याच आठवड्यात मला ताप भरला. हाडं अशी ठणकायला लागली की कूस बदलताना देव आठवावा. तपासणीत डेंगू निघाला. आणि ज्या दिवशी माझा निकाल आला, त्याच दिवशी कौतिकाकाकूंचा लहान नातू तापाने फणफणला. त्याचंही रक्त तपासायला गेलं.

डेंगूचा रुग्ण सापडला की आजूबाजूच्या सगळ्या घरांतलं पाणी तपासायला पथक येतं. ते पथक मी कितीदा तरी पुढे होऊन गल्लीत फिरवलं होतं. या वेळी ते माझ्यासाठी आलं. ज्यांना गाव मलेरियावाले भाऊ म्हणतं, ते आमचे आरोग्यसेवक बॅटरी घेऊन पुढे आणि मागे सगळी गल्ली. काकूंचं घर कोरडं ठणठणीत निघालं. पलीकडची दोन घरंही कोरडी. भाऊ आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, “हे तं आशाताईचंच घर. इथं काय पाहाचं? चला पुढं.”

मी खाटेवर पांघरुणात तोंड घालून पडले होते. ते ऐकून मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मामाजी उठले. सुनेच्या कामाकडे न पाहता सरकारी माणूस निघून चालला, हे त्यांना सहन झालं नाही.

“असं कसं, साहेब? मागं चला ना. इची सगळी मेहनत मागं हाय.”

मी पांघरुणातून “मामाजी, मामाजी” केलं. मामाजी म्हणाले, “तू पडून राय बाई, मी दाखवतो.”

फडकं निघालं. भाऊंनी बॅटरी मारली, तर आत अळ्या वळवळत होत्या. मग ते माझ्या खाटेशी येऊन हळूच म्हणाले, “ताई, हे किती दिवसांपासून चालू आहे?” मी सगळं सांगितलं. पैलवान, त्याचा उपास, गाळणी, सगळं. गल्ली खिडकीतून ऐकत होती. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. माठ काकूंनीच उलटा केला. मग त्या आत आल्या, माझ्या उशाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हण आता.”

ताप अंगात असताना, डोळे मिटून, मी म्हटलं, “मी दर आठवड्याले कोरडा दिवस पाळीन.”

“मोठ्यानं म्हण व. बाहेर आयकू नाही गेलं.”

मी मोठ्याने म्हटलं.

मला वाटलं, काकू आता पुन्हा तोंड पाहणार नाहीत. पण त्याच दुपारी त्या पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. नातू घरी तापात, त्याचा निकाल यायचा, आणि ही बाई माझ्यासाठी पानं वाटत बसली होती. रस एवढा कडू की जीभ आत ओढली जावी. पेला रिकामा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. त्यात किती माया होती आणि किती सूड, मला आजही सांगता येणार नाही. मी निमूट प्यायले, कारण त्यांच्या नातवाला काही झालं असतं तर मी या गावात कुठल्या तोंडाने राहणार होते? मला स्वतःच्या डेंगूची भीती वाटत नव्हती. काकूंकडे पाहायची लाज वाटत होती.

नातवाचा निकाल आला. साधा ताप निघाला. मी भिंतीकडे तोंड करून रडले. मामाजी पायथ्याशी येऊन बसले.

“माह्यामुळं झालं काय व, बाई? फडकं मीच काढलं.”

“नाही, मामाजी. माठ मी ठेवला.”

“मले वाटलं तू सरकारसाठी पाळून राहिली.”

“म्हणूनच मले लाज वाटून राहिली,” मी म्हटलं. ते खरं होतं. त्यांनी माझ्यावर जसा विश्वास ठेवला तसाच सगळ्या गावाने ठेवला होता, आणि त्या विश्वासावर मी डास काढले होते.

पैलवानाचं काय झालं म्हणाल तर अळ्या बंद झाल्यावर त्याने एक दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातले दाणे मुकाट्याने खाल्ले. आता तेच खातो. म्हणजे इतके दिवस तो नुसता माझा अंत पाहत होता.

बरी झाल्यावर पुढचा कोरडा दिवस आला. मला घराबाहेर पाऊल टाकवेना. पण काम ते काम. ओळखपत्र गळ्यात घातलं, बॅटरी घेतली आणि काकूंच्याच दारापासून सुरुवात केली. दार बंद होतं. कडी वाजवली. काकूंनी बोटभर फट उघडून आधी मला पाहिलं, मग हातात गाळणी आहे का ते पाहिलं आणि आतूनच म्हणाल्या, “आमच्या घरी काही नाही, बाई. पुढच्या घरी जा.”

मी पुढच्या घरी गेले. तिथेही काही नव्हतं.