निर्गुडीने उतरलेली सूज

लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मी बावीसचा. आम्ही भाईंदरजवळच्या मुर्धे गावचे. पावसाळ्यात भात, बाकीचे महिने मिठागर. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट.

पहिल्याच हिवाळ्यात तिला ताप भरला आणि उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा बरा आणि मनगट सुजलेलं. मग दुसरा गुडघा. पांघरुणाचा स्पर्शही तिला सोसेना. ती म्हणाली, "माहेरी लहानपणी एकदा असंच झालं होतं. आपोआप गेलं."

माझ्या आईला गावात झाडपाल्याचं कळायचं. मिठागरात राबून सांधे धरलेली माणसं आमच्याच ओटीवर यायची. तिने बांधावरची निर्गुडी आणली, पाला ठेचून रस काढला, तिळाच्या तेलात तो कढवून ठेवला. उरलेला चोथा तव्यावर गरम करायचा, गुडघ्यावर थापायचा, वरून एरंडाचं पान बांधायचं. सगळ्या घरात तो उग्र, कडवट वास भरून राहिला. आई सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसायची. ती संकोचून म्हणायची, "आई, पाय नका ना धरू." आई म्हणायची, "गप ऱ्हा पोरी. पाय सुजलेत तुझे, त्यात माझा मान न्हाय जात."

सूज उतरली. खरंच उतरली. ताप गेला, ती चुलीपाशी बसू लागली, मग एक दिवस विहिरीवरून हसत घागर घेऊन आली. आईने तिची दृष्ट काढली. मिठाचे दिवस होते, हात कमी होते. ती टोपली डोक्यावर घेऊन आमच्याबरोबर आगरात येऊ लागली. आम्ही सगळे खूश होतो.

पुढच्या एक-दोन वर्षांत तिला बांध चढताना धाप लागू लागली. ती थांबायची, पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "ऊन फार आहे." थंडीतही तेच म्हणायची. मग तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात पायांवर सूज आली. आईने पुन्हा निर्गुडी आणली, पुन्हा तोच लेप, तोच शेक. रोज सकाळी आई तिच्या घोट्यावर बोट दाबून बघायची. बोटाचा खड्डा तसाच राहायचा. "या टायमाला का उतरत न्हाय गो?" ती स्वतःशीच पुटपुटायची.

आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून बायको भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली. तेव्हा मी बैलगाडी जोडली आणि तिला भाईंदरला एका डॉक्टरांकडे नेलं; आईही बरोबर आली. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"पूर्वी कधी सांधे सुजले होते?"

"हो," मी म्हणालो. "पण ते आईच्या औषधाने बरे झाले."

"सांधे बरे झाले," ते हळू आवाजात म्हणाले. "दुखणं हृदयाला लागलं होतं. ते बाहेरून दिसत नाही."

तेव्हा काय करायला हवं होतं, असं मी विचारलं. अंथरुणावर पडून राहायला हवं होतं, ते म्हणाले. कित्येक महिने. तरी हृदय वाचलं असतं असं सांगता येत नाही.

आई दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. परतीच्या वाटेवर ती सुनेला छातीशी धरून बसली होती.

सातव्या महिन्यात, भर दुपारी, ती गेली. बाळही गेलं. जाण्याआधी तिने माझा हात धरून विचारलं, "जेवलात का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

त्यानंतर आईने कोणालाच लेप दिला नाही. लोक ओटीवर यायचे, बसून परत जायचे. मग एकदा चौकच्या कोळीवाड्यातली एक ख्रिस्ती बाई आपल्या लेकीला कडेवर घेऊन आली. पोर आठ-नऊ वर्षांची, अंगात ताप, दोन्ही गुडघे सुजलेले. आईने पोरीचे गुडघे चाचपून पाहिले. मग म्हणाली, "लेप मी लावीन बाय. पन आधी डॉक्टरला छाती दाखव. माझा पोरगा नेईल गाडीनं."

मी नेली. डॉक्टरांनी पोरीला अंथरुणातून उठू द्यायचं नाही, असं बजावून सांगितलं. ठणक्यासाठी पाला बांधायला त्यांची ना नव्हती. आई स्वतः चौकला जाऊन लेप लावायची आणि त्या बाईला दर वेळी दटावायची, "सूज उतरंल. तरी उठवू नको तिला."

काही महिन्यांनी ती पोर आपल्या आईचं बोट धरून आमच्या अंगणात चालत आली. धाप नाही, काही नाही. माझ्या आईने तिला जवळ घेतलं, गूळ दिला. मला आनंद व्हायला हवा होता. मी घरामागे विहिरीपाशी गेलो आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच मोकळा होऊन रडलो.