ड्रेसिंगच्या खोलीतले पाय

तुमच्या पायात काटा मोडला तर तुम्हाला कळतं ना? मग तुमचं बरं चाललंय. दौंडला एका सर्जनच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं ड्रेसिंगला होते. शाळा दहावीपर्यंत, पुढचं डॉक्टरांनी शिकवलं. शुगरनं पाय बधिर झालेली माणसं आमच्याकडं यायची. त्यांचे किस्से इतके साठलेत, की जेवताना ते काढायचे नाहीत असा आमच्या ह्यांनी घरात नियमच केलाय.

*

आप्पा पाटसकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. पहिल्यांदा आले ते खोकला दाखवायला. पायरीवर रक्ताचे ठसे दिसले म्हणून मी दारातच त्यांची चप्पल काढायला गेले, तर ती निघेना. खिळा तळातून थेट पायात गेलेला.

"आप्पा, कधी लागलं हे?"

"लागलं कुठं? दुखत न्हाई, म्हंजी पाय बरा हाय."

डॉक्टरांनी खिळा काढून ट्रेमध्ये टाकला. आप्पांनी तो उचलून नीट पाहिला. म्हणाले, "ह्यो आमच्या वर्कशॉपचा न्हाई. आमचे लांब असत्यात."

*

केंदूरच्या एक आजी थंडीत दौंडला लेकीकडं आल्या होत्या. पाय गार पडतात म्हणून चुलीजवळ पाय करून बसल्या. आमच्याकडं आणलं तेव्हा दोन्ही टाचा भाजलेल्या.

मी विचारलं, "आजी, काहीच कळलं नाही?"

"वास आला व्हता की. मला वाटलं हिची भाकर करपली. मी बोलले बी हिला."

शेजारी उभी असलेली लेक म्हणाली, "दोनदा बोलली."

*

बाजारपेठेतले रशीदचाचा शिलाईकाम करायचे. डाव्या पायाला जखम झाली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं आणि बिडी सोडायला सांगितली. चाचा म्हणाले, "ईद होऊ द्या, लोकांचे कपडे अडकलेत." ईदला सगळ्यांचे कपडे वेळेवर मिळाले. चाचांचा पाय गुडघ्याखालून गेला.

पुढं डॉक्टरांनी विचारलं, "बिडी सुटली का?"

"निम्मी सुटली. दोन पाय होते तवा दोन बंडलं लागायची."

*

हा किस्सा माझाच आहे. डॉक्टर आत प्रत्येकाला बजावायचे, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा." आणि मी दारात उभी राहून प्रत्येकाला चपला बाहेर काढायला लावायची. स्वच्छता नको का? कित्येक महिने आम्हा दोघांच्याही हे लक्षात आलं नाही.

एक दिवस आप्पा उंबऱ्यापाशी अर्धा तास उभे. मी म्हटलं, "आत या की."

"डॉक्टर म्हणत्यात काढू नका, तुम्ही म्हणता काढा. तुमचं दोघांचं ठरलं की हाक मारा."

त्या दिवसापासून मी फरशी दोनदा पुसायला लागले.

*

त्याच वर्षी ऐन गाळपात आप्पांच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "उद्या आलात तर बोटावर भागेल. थांबलात तर पायाचं मी सांगू शकत नाही. सकाळी सातला उपाशीपोटी या."

"सीझन संपला की येतो," आप्पा म्हणाले. "मिल बंद पडली तर माझ्याबिगर हात कोण घालणार?"

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर बोलून थकले, मी बोलून थकले. रशीदचाचा त्या दिवशी उरलेला पाय तपासायला आले होते. ते बाकावर बसून सगळं ऐकत होते. ते उठले आणि कुबडी टेकत बाहेर गेले. मला वाटलं, घरी गेले.

थोड्या वेळानं ते पिशवी घेऊन परत आले आणि त्यांनी आप्पांच्या मांडीवर एक चप्पल ठेवली. पट्ट्याची, कोरी, डाव्या पायाची.

"दुकानदार एक चप्पल देत नाही, जोडच घ्यावा लागतो," चाचा म्हणाले. "अशा तीन पडल्यात घरी. तुमचा पाय ऱ्हायला तर तिन्ही तुमच्या. गेला तर तुम्ही बी साठवा."

आप्पांनी चप्पल उलटी करून तळ पाहिला. मग म्हणाले, "माप?"

"तुमच्यापरीस एक नंबर मोठं. बँडेज मावंल."

आप्पा काकूंबरोबर गेले. चप्पल त्यांच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी दवाखाना उघडायला गेले, तर आप्पा उपाशीपोटी पायरीवर बसले होते. उजव्या पायात त्यांची जुनी चप्पल होती, डाव्या पायात चाचांची.